नावं सोडून सगळं

तबास्कीला नऊ दिवस उरले
आणि बिरान सेकचा लॅपटॉप उठेना.
काळा पडदा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकत राहिलेली,
दारात येऊन कुणी नुसतंच खाकरावं
आणि आत येऊ नये, तशी.

बाझँच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळून आणला होता त्यानं.
गुडघ्यांवर धरून बसला.
"अकरा वर्षांची मापं आहेत, योरो.
आख्ख्या गेत न्दारची.
आधी वही होती. ती भिंतीसकट समुद्रानं नेली,
म्हणून तर हे घेतलं."

मी स्क्रू काढले.
आत वाळवंटाची धूळ, दोन मेलेल्या मुंग्या,
एक टाचणी.
डिस्क कानाशी धरली:
टिक्, टिक्, घरघर, टिक्.
फिरते आहे. वाट विसरली आहे फक्त.

तिच्यावर काही लिहायचं नाही, हा पहिला नियम.
आधी नक्कल. शोध मागाहून.
जिथं अडेल तिथं हट्ट न धरता पुढं जायचं,
शेवटाकडून उलटं येऊन
तेच हळू आवाजात पुन्हा विचारायचं.
रात्रभर विचारत होतो.
दोनदा वीज गेली. बॅटरीनं अब्रू राखली.
बिरान बाकावर झोपला, गळ्यात टेप तशीच.

पहाटे दोन हजार तीनशे चौदा फाइली आल्या.
नावं नाहीत.
एफ शून्य शून्य चार एक आठ.
एफ शून्य शून्य चार एक नऊ.
अनुक्रमणिका जळाली, पानं शाबूत,
हे मी त्याला कसं सांगू म्हणत होतो,
तर तो चष्मा चढवून वाचायलाच लागला:

"खांदा सत्तेचाळीस, डावा हात दोननं आखूड.
हा मोमार, होडीतून पडला होता.
कंबर ब्याण्णव, खाली लिहिलंय 'खोटी'.
ही कुंबा! माप घेताना श्वास रोखून धरते.
मान एकेचाळीस, बाकी काही नाही...
इमामसाहेब. घाईत असतात."

तो सांगेल ते नाव मी टंकत गेलो.
दुपारपर्यंत अर्धी वस्ती
आपापल्या अंगात परत आली.

मग एक फाइल आली,
तिच्यावर तो थांबला नाही, पुढं सरकला.
मीच थांबलो.
छाती शंभर. कंबर नव्वद. उंची एकशे ऐंशी.
सगळे आकडे पाचाच्या पटीत.
आत्तापर्यंत एकही माणूस असा गोल भरला नव्हता.
"हे कोण?"

त्यानं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"असान. उसेनूचा जुळा.
सहा वर्षांपूर्वी होडीनं गेला, कॅनरीकडे.
फोन नाही, काही नाही.
आई दर तबास्कीला दोघांचे बूबू शिवून घेते.
पहिली दोन वर्षं एकच माप चाललं.
मग उसेनूचं पोट सुटलं.
ती म्हणाली, त्याचं नको लावूस,
तिकडं माझा असान कष्ट करत असेल, सडपातळच असेल,
खांद्यात मात्र भरला असेल.
मग मी भरतो. दरवर्षी थोडा.
डोळ्यांनीच."

बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर मेंढा ओरडत होता.
मी नाव टंकलं. असान.
मग विचारलं, पुढं 'अंदाज' असं लिहू का?
"नको," तो म्हणाला.
जरा वेळानं म्हणाला, "वर्ष लिही."

सगळं दोन ठिकाणी उतरवून दिलं,
एक काडी त्याच्या खिशात, एक त्याच्या मुलीकडे.
पैशांचं विचारलं तर मला उभं केलं,
पाठ वळवली, टेप लावली.
स्टोव्हवर तिसरा चहा उतू चालला होता,
मी तिकडं झुकलो.
"हलू नकोस. खांदा साडेचव्वेचाळीस.
लिहून घे, योरो.
तो अर्धा सोडू नकोस."