चाळीस थाऊ

कुपवाडच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडमधला लेथ थांबला
की आमच्या खोलीत माउसची टिकटिक ऐकू येते.
समीना मुजावरनं आखलेला बोर्ड
भरतेश मगदूम टेस्टिंगहून परत घेऊन आला.
"लांबी सारखी आहे म्हणता, मग बोंबलतोय का?"

लांबी सारखीच होती. सॉफ्टवेअरची हिरवी खूणही होती.
दोन रेघा, जोडीनं निघालेल्या,
निरोप एकच: एकीकडं सुलटा, एकीकडं उलटा.
पलीकडचा ऐकतो तो दोघींतला फरक तेवढा;
वाटेतला गोंगाट दोघींच्या अंगाला सारखाच चिकटतो,
म्हणून वजा होतो.
अट एवढीच, की पावलाला पाऊल.

पण निघाल्या निघाल्या चार वळणं, चारही उजवीकडं.
आतली रेघ चाळीस थाऊ पुढं.
खसखशीचा एक दाणा.
समीनानं तिला नागमोडी केलं ते पार शेवटी,
जागा मोकळी होती तिथं.
तोवर चार इंच दोघी
एकमेकींचं बोलणं तोडत गेलेल्या.

"मग पुढचीला थांबवायचं कसं, सर?"

तांब्याला थांबा नसतो, पोरी.
तिथं वाट बघता येत नाही,
वाट वाढवता येते फक्त.
आणि तीही वळण सरतं तिथंच,
दोन-तीन बारीक उंचवटे. मुक्कामाला पोचल्यावर नाही.

संध्याकाळी आमराईत, अण्णांबरोबर.
लकव्यानंतर त्यांचा डावा पाय वाळूत रेघ ओढत येतो.
कुणी आपल्यासाठी थांबलेलं त्यांना खपत नाही,
लगेच म्हणतात, "तू हो पुढं."
म्हणून मी थांबत नाही.
बाकाला वळसा घालतो,
झाडावरची पाटी वाचून येतो,
उगाच पलीकडच्या कडेला जातो, परततो.
फाटकाशी दोघं बरोबर.

अकरा वर्षं मी पुण्यात होतो, अण्णा इथं.
पैसे पाठवत होतो, बेरीज चुकली नव्हती कधी.
समीनानं त्याबद्दल काही विचारलं नाही, तिला ठाऊकही नाही.

फाटकातून बाहेर पडताना अण्णा म्हणाले,
"सारखा इकडं-तिकडं काय करतोस रे?
सरळ चाल की.
काही वळणच नाही तुला."