मिरजेला गाडी बदला

रात्री पावणेबाराला बंडू ओलेकरांचा फोन.
शिरढोणच्या फाट्यावर टेम्पो उभा,
मागे बेदाण्याचे दोनशे बॉक्स,
पुढे दोन रस्ते.
"मॅडम, तुमच्या ॲपात पत्त्यावर बोट ठेवलं
की नकाशा उघडतोय, पण मुका.
बारक्या खिडकीत नुसता बसतोय.
वळा म्हणत नाही, थांबा म्हणत नाही.
मागं जावं तर थेट पहिल्या पानावर आदळतोय.
माझ्या मोबाईलात चांगला बोलका नकाशा आहे की,
तिकडं का जाऊ देत नाही तुम्ही?"

काय सांगणार.
माझ्या मोबाईलवर बघत बघत म्हटलं, डावं घ्या.
आता दूध डेअरी लागेल. लागली?
गोडाऊनचं गेट दिसेपर्यंत
बत्तीस मिनिटं मीच त्यांचा नकाशा.

का जाऊ देत नाही, ते मला माहीत होतं.
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर,
जिनगोंडा मगदूम बोट आपटून म्हणाले होते,
आलेला माणूस बाहेर जाता कामा नये.
दर इथंच बघू दे, बातमी इथंच वाचू दे,
पत्ता पण इथंच.
मी मान हलवली होती.
पगार तटला होता दोन महिन्यांचा.
मग एकेक लिंक मी आतल्या आत वळवली,
परसातलं पाणी परसातच जिरवावं तशी.

अब्बा जागेच होते.
जुनी पाळी अंगातून गेलेली नाही,
दोन वाजल्याशिवाय डोळा लागत नाही त्यांचा.
तीन मापांचे रूळ होते तेव्हा मिरजेत,
ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज.
एका मापाचा डबा दुसऱ्यावर चढायचा नाही,
म्हणून मधे अब्बा.
गूळ, हळद, मिरची,
या डब्यातून त्या डब्यात, पाठीवरून.
उजवा खांदा अजून डाव्याच्या खाली आहे.

सगळं ऐकून म्हणाले,
म्हणजे गाडी बदलू देत नाही तुम्ही लोकांना?
नाही.
मिरजेत उतरवून मिरजेतच ठेवता?
हं.
बराच वेळ तंबाखूची डबी उघडझाप करत बसले.
मग माझ्याकडं न बघता,
"मला कुठं वाचता येत होतं.
पोत्याला चिठ्ठी असायची.
हिरवी असली की मीटरगेज, लाल असली की ब्रॉडगेज.
आत काय आहे, कुणाचं आहे, आपल्याला काय करायचंय.
रंग बघायचा आणि उचलायचं."

लिंकच्या सुरुवातीलाही असतात चार अक्षरं.
कुठं जायचंय ते तिथंच लिहिलेलं असतं.
पहाटेपर्यंत मी चिठ्ठ्या वाचायला शिकवलं ॲपला.
पत्ता असेल तर मोबाईलला विचार,
हे कोण घेतंय?
कुणी हात वर केला तर देऊन टाक.
कुणीच नाही केला, तरच आपली खिडकी.
आणि माणूस परत आला
तर होता त्याच ओळीवर त्याला उभा कर,
त्याचं सामान जागचं हलवू नकोस.

सोमवारी मगदूमांचा फोन.
माणशी चार मिनिटं कमी झाली म्हणे.
मी म्हटलं, झाली असतील.
ते काहीतरी बोलले, कानडीत. मला कळलं नाही,
किंवा कळलं.

संध्याकाळी अब्बांना जंक्शनचा पत्ता पाठवून बघितला.
त्यांनी जपून बोट टेकवलं,
तापलेल्या तव्याला लावावं तसं.
खालून एक पट्टी वर आली.
यासह उघडा.
नेहमी. फक्त एकदा.

दोन्ही शब्द एकाच निळ्या रंगात.

अब्बांनी मोबाईल दिव्याजवळ नेला,
तिरपा केला, सरळ केला,
मग माझ्यापुढं धरून म्हणाले,
यातला हिरवा कुठला?