किरकोळ

अल रासच्या गल्लीत नारणजीशेठचं शटर वर जातं
तेव्हा वेलचीचा वास आधी बाहेर येतो, मग शेठ.
तो वेलची खात नाही.
चिमटीत फोडतो, दाण्याचा रंग बघतो, टरफल खाली टाकतो
आणि फोनवर म्हणतो, "बारा टन."
महिनाभर समुद्रावर असलेलं जहाज
त्याच्या लेखी एक आकडा,
पाण्यावर तरंगणारा.
माल शेवटी कुणाच्या चहात पडतो, त्याला ठाऊक नाही.
ठाऊक असून करायचंय काय?
गोणीचं तोंड शिवलेलं असतं.

मी मधला.
मागच्या सीटा काढलेली पांढरी व्हॅन,
इथे चढव, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये घामानं भीज,
अजमानला उतरव.
घाऊक आणि किरकोळ, दोन्ही माझ्याच पाठीवरून जातात.
वजन सारखंच भरतं.

नुऐमियात मोईदूक्काचा बकाला.
दार उघडलं की फ्रीजला आपटतं.
तो दोरा ओढतो, गोणी सैल होते,
मग किलोच्या, मग शंभर ग्रॅमच्या,
मग एका दिरहमच्या पुड्या.
सात वेलच्या. मोजून.
आठवी कधी कधी, हात चुकल्यासारखं करून.
त्याच्याकडे एक अंडं मिळतं. अर्धा कांदासुद्धा.
उधारीच्या वहीत नावं नसतात:
"प्लास्टरवाला, तिसरा मजला, साडेचार."
"लाल टोपी, अकरा."
"नवा मुलगा, साबण. नंतर बघू."

गेल्या साली वेलचीचा भाव कोसळला.
नारणजीशेठनं दुपारच्या आत दोन लाख दिरहम घालवले,
काळा चहा मागवला, म्हणाला, "बाजार आहे,"
आणि जेवून तासभर झोपला.
त्याच आठवड्यात लाल टोपी यायचा बंद झाला.
वहीत त्रेचाळीस दिरहम.
मोईदूक्का दर खेपेला विचारी,
"रस्त्यात कुठे दिसला का रे?"
मी म्हटलं, "त्रेचाळीससाठी एवढं?"
तो फळीकडे बघून म्हणाला,
"रोज रात्री दोन केळी न्यायचा.
मी बाजूला काढून ठेवतो अजून."

मीही घरी घाऊकच पाठवतो.
महिन्याला एकरकमी.
सव्वीस महिन्यांतून चाळीस दिवस स्वतःही जातो दाभोळला,
तोंड शिवलेल्या गोणीसारखा.
दोरा सफूरा ओढते.
दूध, वीजबिल, शाळेची रिक्षा, गळकं कौल,
इफ्फतचा हलणारा दात,
सगळं तिला सुटं करावं लागतं, रोज,
आणि तिच्या वहीत माझं नाव आहे की
"व्हॅनवाला, नंतर बघू,"
हे मी कधी विचारलेलं नाही.

काल फोनवर म्हणाली,
"शनिवारी इफ्फतला ताप होता. किरकोळ."

मी व्हॅन कडेला घेतली.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.
म्हटलं, "सांग.
कधी चढला, पट्ट्या कुणी ठेवल्या,
पाणी कुठल्या पातेल्यात घेतलंस, सगळं सांग."
"अहो, मिनिटं संपतील."
"संपू देत."
ती जरा थांबली. लाजली असावी.
मग सांगू लागली:
रात्री दहाला एकशे तीन.
साडेअकराला एकशे दोन.
पहाटे अजानच्या आधी शंभर,
आणि तिनं पेज मागितली,
अर्धी वाटी,
वरून मीठ.