ना बैल, ना वीज

डिसेंबर. कुडचड्याच्या बाजारात अजून
तारल्यांची पाटी उतरलेली नाही,
आणि माझ्या लॅबच्या बाकावर
घाण्यावरून तडक आलेले सगुणबाब,
बाही आधीच वर केलेली.

"बारा तास तोंडात काही नाही," म्हणाले,
"चहासुद्धा."
माणूस खोटं बोलत नव्हता.
पण नळी गरगरून थांबली तेव्हा
वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं,
दिसला नारळाचा पहिला रस.

"हे माझंच तेल काय गो?"
हो म्हणावं की नाही?
दोन वेळचा उकडा भात, रात्रीचे फेणीचे पेले,
वर गुळाचा खडा, सवय म्हणून.
यकृत कशाचंही तेल गाळतं.
त्याच्या घाण्याला ना बैल लागतो, ना वीज.

जुन्या पावतीच्या पाठीवर मी त्यांना काढून दाखवली
तीन दातांची फणी.
दात सरळ असले की एकाला एक चिकटून बसतात,
म्हणून तुमचं खोबरेल या दिवसांत थिजतं,
म्हणून भिरंडेलाचा गोळा मुठीत धरता येतो
आणि टाचेच्या भेगेत भरता येतो.
तारल्याच्या तेलाचा दात मात्र कोपरात वाकलेला.
वाकड्या फाट्यांची मोळी बसत नाही,
ते गारठ्यातही वाहतं.

"म्हणजे सरळ ते वाईट?"
घाणेकारानेच विचारावा असा प्रश्न.

सगळं सांगायला वेळ नव्हता.
की पेशीपेशीची भिंत याच द्रव्याची,
दोन रांगा, डोकी पाण्याकडे,
शेपट्या आत, पाण्यापासून लपलेल्या.
की सुई टोचल्याचं मेंदूला इतक्या झटकन कळलं
ते मज्जातंतूवर गुंडाळलेल्या चरबीमुळे.
की तांबडी भाजी थेंबभर तेलाशिवाय खाल्ली
तर तिच्यातलं अ जीवनसत्त्व
बरंचसं दारातूनच परत जातं.
एवढंच म्हणाले, फेणी सोडा. गूळही.
तेल मोजून घ्या, सोडू नका.

"मोजून," ते म्हणाले. "मी? तेल?"
आणि खूप हसले.

जाताना पैशांवर बाटली ठेवून गेले,
पांढरी, घट्ट, उपडी केली तरी न हलणारी.
अहवालात आकडा भरायचा होता. सातशे चाळीस.
दोनदा तपासला.
तोवर बाटली डाव्या हातातच राहिली होती,
आणि काचेलगत, फक्त बोटं होती तिथे,
तेल सुटलं होतं.