सहा महिने थांब

माझी फाइल आणि मी एकाच गावात राहतो.
लिंकन, नेब्रास्का.
मोजून चार मैल. मध्ये रेल्वे फाटक, टायरचं दुकान,
आणि थंडीत पाटी उलटी करून ठेवलेलं आइस्क्रीमचं खोपटं.
सकाळी सात पन्नासला मी तिच्या इमारतीवरून जाते.
खिडक्या मोजत नाही आता.
पूर्वी मोजायचे.

बियाणं तपासायची नोकरी माझी.
मक्याचे दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे,
पंचवीस अंशांवर ठेवायचे, सातव्या दिवशी उघडायचे.
उगवले ते उगवले.
न उगवलेल्यांचा आकडा लिहून खाली सही.
आठव्या दिवसाची वाट कुणी बघत नाही.

अर्जाचं तसं नसतं.
मार्चमध्ये पडद्यावर होतं, साडेतेरा महिने.
जूनमध्ये बघितलं, साडेसोळा.
म्हणजे मी तीन महिने चालत होते
आणि गाव तीन महिने मागे सरकत होतं.
चौकशी केली तर उत्तर येतं, चार ओळींचं, सभ्य:
आपला अर्ज नेहमीच्या कालावधीत आहे.
मूळ अर्जाला तर कालावधीच नाही, त्याला रांग आहे,
रांगेत माझी तारीख मे दोन हजार चौदाची.
हा नुसता परवाना, जाऊन परत येण्याचा.
तो हातात पडण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं
तर सगळंच सोडून दिलं असं समजण्यात येईल.
कोण समजणार, ते लिहिलेलं नाही.

दादा परभणीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते.
तांबड्या फितीची गाठ एका हातानं सोडायचे,
बांधायला मात्र दोन्ही हात लागायचे.
सरकारी काम आणि सहा महिने थांब, लोक म्हणायचे,
दादांच्या तोंडावरच म्हणायचे,
आणि दादा हसायचे, सहा कुठले? चारात देतो की.
एक म्हातारा अकरा महिने येत होता. फेरफाराची नोंद.
बाकावर बसून भाकरी सोडायचा.
मी डबा द्यायला जायचे तेव्हा मला सरकून जागा द्यायचा.

हल्ली दादा विचारतात, कोणत्या टेबलावर अडकलंय?
टेबल नसतं हो तिथं.
टेबल नाही तर कारकून कशावर लिहितो?
जाऊन भेट. मुलगी कितवीत आहे विचार त्याला.
दर रविवारी विचारतात,
पहिल्यांदा विचारल्यासारखं.
आधी मला ती काळजी वाटायची.

गेल्या रविवारी किराण्याच्या दुकानात
माझ्यापुढे एक बाई, गाडी काठोकाठ,
टर्की, कागदी रुमाल, कुत्र्याचं खाणं, तीन झेंडूच्या कुंड्या.
गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलेलं.
त्यावरचा शिक्का मी अंधारातही ओळखेन.
तिनं मागे वळून बघितलं. माझ्या हातात दुधाचा एक कॅन.
एवढंच? मग जा ना पुढे, म्हणाली,
तुम्ही कशाला उगाच थांबता?

आणि मी गेले.
आभार मानले, पैसे दिले, पावती घेतली.
गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर कपाळ टेकून
इतकी हसले की शेजारच्या गाडीतलं पोरगं बघत राहिलं.

हे सांगायलाच फोन लावला.
दादा मला पुढे सोडलं, तिथल्याच बाईनं,
नंबर नसताना.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग त्यांचा जुना आवाज, कचेरीतला, चष्म्यावरून येणारा:
आपलं नाव?

मृदुला, म्हटलं. मृदुला त्र्यंबक टाकळकर.

टाकळकर, ते म्हणाले, सावकाश, लिहून घेतल्यासारखं.
साहेब जेवायला गेलेत.
पुढच्या आठवड्यात या.

बरं, म्हटलं.
येते.