अठरा ग्राम

भोरी आळीतून काटा आणला,
धनकवडीच्या या ओट्यावर
माशी बसली तरी दचकणारा.

रत्नप्रभाबाई सांगत गेल्या:
किलोभर तांदळाला गूळ पाच वाट्या.
दाबून?
"दाबून. पण उगाच नाही दाबायचा."
मी लिहिलं: एक वाटी, दोनशे दहा.
सैल भरला तर एकशे साठ.
त्याच वाटीत खसखस शंभरावर गेली
आणि चिवड्याचे पोहे,
शीग लावूनसुद्धा, पन्नासाच्या आत.

पाकिटावर वजन छापायचं होतं.
वाटी माझी, तुळशीबागेतली, नवी.
गूळ तोलून घातला, पीठ आठ दिवस मुरवलं,
आणि कढईत एकूण एक अनारसा हसला.

मग बाईंनी पिशवीतून आपली वाटी काढली.
बुडाशी पोचा,
अंगठा बसेल एवढा.
दोन्हींत सारखाच गूळ दाबला, तोलला.
त्यांच्या वाटीत अठरा ग्राम कमी.

"पडली होती का कधी?"
"फेकली होती," म्हणाल्या,
आणि खसखस निवडायला बसल्या.
कोणी, ते मी विचारलं नाही.
काटा शून्यावर येईपर्यंत
दोघी त्याच्याकडेच बघत राहिलो.

अठरा पंचे नव्वद.
वहीत वजा केले.
पुढचा घाणा जाळीदार निघाला.