कसे जाल?

शब्दाला एक रुपया, फोटोचे वेगळे दीडशे, तोही आडवाच हवा,
आणि लेखाखाली साठ शब्दांची चौकट: कसे जाल?
पुरवणीचे अवसरे फोनवर म्हणायचे,
"तुमचं ढग-बिग वाचतात हो लोक, नाही असं नाही,
पण कापून ठेवतात ती चौकट."

तर मी लिहायचे.
पोवई नाक्यापासून किती किलोमीटर,
यवतेश्वरच्या घाटात चहा कुठे बरा,
कुठल्या फाट्याला डावं वळायचं,
परतीची एसटी किती वाजता,
जळवा असतात, मीठ न्या.
अकरा वर्षं. शंभराच्या वर चौकटी.
एकही वाक्य खोटं नाही.

बमा झोऱ्यांच्या सड्यावर (नाव बदललंय)
मी पहिल्यांदा गेले ती वाट चुकून.
भाद्रपद. धुकं इतकं की मागच्या पायाला पुढचा दिसेना.
म्हशीच्या घंटेमागे चालत राहिले
आणि घंटेच्या टोकाला म्हातारा निघाला,
डोक्यावर घोंगडीची खोळ.
"हिकडं कुणी येत न्हाई. चुकलीस व्हय?"
मग कड्यापाशी नेऊन
दोन बोटांनी गवत बाजूला केलं:
खरपुडी.
बोटाएवढा हिरवट कंदील,
आत जांभळं काजळ धरलेलं.
"पोरं व्हतो तवा कंद खायचो हिचं.
आता लई गावत न्हाई, म्हून सोडली."

मी नऊशे शब्द लिहिले.
चांगले आले होते. कंदिलाची काच पुसणारं धुकं वगैरे.
अवसऱ्यांनी स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही.
त्या पैशांत लाइटबिल भरलं, बुटांचे तळ बदलले.

पुढच्या भाद्रपदात सड्यावर चाकोऱ्या होत्या,
चिखलात नव्या टायरांची नक्षी.
कड्याच्या कडेला गोल गोल खड्डे,
खुरप्याने, अलगद, मुळाभोवती माती राखून काढलेले.
माझा लेख कुणीतरी फार नीट वाचला होता.

बमाने ताक दिलं.
बराच वेळ म्हशींकडे बघत बसला, मग म्हणाला,
"किती शब्द व्हतं म्हनं?"
नऊशे.
"आन् वाटंचं?"
साठ.
"म्हंजी साठ रुपयं."
दुधाचा रतीब मोजावा तसं मोजलं त्याने,
न रागावता.
"मला मागायचं. दिलं असतं की."

उतरताना मी तीनदा थांबले.
दमले नव्हते.

त्या हिवाळ्यात सड्याची कविता झाली.
तिच्यात गाव नाही, फाटा नाही,
डावं-उजवं काहीच नाही.
एका त्रैमासिकाने छापली.
मानधन दोन अंक, टपालाने,
त्यातला एक पोस्टमन चोरग्यांच्या पिशवीत भिजलेला.
भिजका मी ठेवला. कोरडा वर घेऊन गेले.

बमाला वाचता येत नाही.
नात वंदू वसतिगृहातून सुट्टीला आलेली,
तिने वर्गात उभं केल्यासारखी वाचली,
प्रत्येक ओळीच्या टोकाला श्वास घेत.
घंटा आली तेव्हा म्हातारा हसला.
खरपुडी आली तेव्हा दाराबाहेर बघत राहिला.
संपल्यावर विचारलं,
"ह्यात वाट कुठं हाय?"
वंदूने वरून खाली बोट फिरवलं.
"न्हाई आबा."
"बघ नीट."
"न्हाईच."
अंक त्याने घोंगडीच्या घडीत सारला.
"बरं लिवलंय," म्हणाला.

चौकटी अजून लिहिते. पोट आहे.
आता त्या सगळ्या अशा जागांच्या,
जिथे रेलिंग आधीच लागलंय,
पार्किंगची पावती फाडतात आणि कणसं भाजून मिळतात.
अवसरे खूश आहेत.

कधी कुणी ती कविता वाचून फोन करतं,
मॅडम, तो सडा नेमका कुठे?
मी म्हणते, मीही चुकूनच गेले होते.
हे तरी खरं आहे.